‘दत्तक मुलांविषयीची सहा कटू सत्ये’: एक उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, शनिवारी तिला त्या मुलांमध्ये पाठवू की नको?” एवढेच तिने विचारले, आणि तो मजकूर अखेर तिच्यापर्यंतही पोचला आहे हे मला तिच्या आवाजावरूनच कळले. ‘दत्तक मुलांविषयीची सहा कटू सत्ये’ या मथळ्याचा हा व्हॉट्सअ‍ॅप संदेश मला याआधी तीन गटांवर आला होता आणि तिन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला होता, ही माझी चूक. बहिणीला तो आमच्या एका आत्याने ‘तुझ्या उपयोगाचे आहे, नीट वाच’ असे वर लिहून पाठवला. बहिणीची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती सात महिन्यांची असताना घरी आली, आणि महिन्यातल्या एका शनिवारी ती दत्तक कुटुंबांच्या एका गटात जाते. तिथे पंधरा-वीस मुले चित्रे काढतात, मातीकाम करतात, छोटी नाटके बसवतात आणि भरपूर भांडतात. तिला तिथे पाठवावे की नाही, हा प्रश्न त्या घरात आजवर कुणाला पडलाच नव्हता. एका निनावी मजकुराने तो पाडला, म्हणून हे उत्तर.

संदेशातली सहा ‘सत्ये’ थोडक्यात अशी आहेत. दत्तक मुलांना आयुष्यभर न्यूनगंड असतो, कारण ‘रक्ताला सगळे आठवते’. म्हणून अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांना आपण दत्तक असल्याचे सांगू नये. त्यांना इतर दत्तक मुलांत मिसळू देऊ नये, कारण त्याने जखम चिघळते. त्यांना कलेत गुंतवावे, म्हणजे दुःख विसरायला होते; शिवाय नाकारलेली मुलेच मोठे कलावंत होतात. त्यांच्यावर झालेल्या उपकारांची जाणीव त्यांना वेळोवेळी करून द्यावी. आणि जन्मदात्यांचा शोध घेणारे मूल कृतघ्न समजावे. शेवटी ‘असे मानसशास्त्रज्ञ सांगतात’ हे आहेच. कोणते मानसशास्त्रज्ञ, त्यांनी कधी आणि कुठे सांगितले, याचा मात्र पत्ता नाही.

मानसशास्त्रज्ञांचेच नाव घेतले आहे, तर त्यांनी खरोखर काय म्हटले आहे ते आधी पाहू. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातले संशोधक फेमी युफर आणि मारिनुस व्हान आयझेंडॉर्न यांनी २००७ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात दत्तक मुलांच्या आत्मसन्मानावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून त्यांचे विश्लेषण मांडले. अभ्यास ८८ होते, त्यांत १०,९७७ दत्तक व्यक्ती होत्या आणि तुलनेसाठी ३३,८६२ दत्तक नसलेल्या व्यक्ती होत्या. या दोन गटांच्या आत्मसन्मानात फरक आढळला नाही. मूल देशातल्या देशात दत्तक गेलेले असो, परदेशात गेलेले असो किंवा वेगळ्या वंशाच्या कुटुंबात वाढलेले असो, निष्कर्ष तोच राहिला. त्यातच तीन छोट्या अभ्यासांमध्ये दत्तक मुलांची तुलना अनाथाश्रमासारख्या संस्थेतच वाढलेल्या मुलांशी केलेली होती आणि तिथे दत्तक मुलांचा आत्मसन्मान अधिक भरला. रक्ताला काही आठवत असते, तर ते संस्थेत राहिलेल्या मुलांच्या आणि घरी आलेल्या मुलांच्या रक्ताला सारखेच आठवायला हवे होते.

या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवे. याच दोघा संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या विश्लेषणात असे दिसले होते की, परदेशी दत्तक गेलेल्या मुलांमध्ये वर्तनाच्या अडचणी इतर मुलांपेक्षा किंचित अधिक असतात आणि मानसोपचारासाठी त्यांना आणले जाण्याचे प्रमाण तर बरेच अधिक असते. दत्तक पालक मदत मागायला लवकर धावतात, हे त्याचे एक कारण असू शकते. पण उपासमार, आबाळ किंवा संस्थेतल्या गर्दीत गेलेले पहिले महिने यांचे परिणाम खरे असतात आणि काही मुलांना ते दीर्घकाळ पुरतात, हेही नाकारता येत नाही. मात्र ते परिणाम त्या परिस्थितीचे आहेत, आणि त्यांवर उपाय करता येतो. सरसकट ‘आयुष्यभराचा न्यूनगंड’ हा शिक्का मारल्याने उपाय करण्याची इच्छाच संपते.

आता दुसरा, अठरा वर्षे न सांगण्याचा मुद्दा, जो मला सगळ्यांत घातक वाटतो. सांगणे म्हणजे निकालासारखी एका दिवशी जाहीर करायची गोष्ट आहे, असे या मजकुराच्या लेखकाने गृहीत धरले आहे. मुले ती गोष्ट एकदम समजून घेतच नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी १९८०च्या दशकात दत्तक मुलांची समज वयाप्रमाणे कशी बदलत जाते याचा अभ्यास केला. तीन-चार वर्षांचे मूल ‘मी दत्तक आहे’ असे आनंदाने सांगते, पण त्याचा अर्थ त्याला फारसा कळलेला नसतो. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास त्याच्या ध्यानात येऊ लागते की, आपण या घरी आलो याचा अर्थ त्याआधी कुणीतरी आपल्याला सोडले. दुःख होते ते तेव्हा, आणि नेमक्या त्याच वेळी विचारायला जवळचे माणूस असावे लागते. अठरा वर्षे गप्प राहणाऱ्या घरात हा सगळा काळ मूल एकटे काढते, किंवा शेजारचे एखादे पोर मधल्या सुट्टीत ते काम उरकून टाकते. मोठेपणी आपण दत्तक असल्याचे कळलेल्या लोकांचाही विचार झालेला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २५४ प्रौढ दत्तक व्यक्तींना विचारले असता, ज्यांना तिसऱ्या वर्षानंतर कळले त्यांनी अधिक मानसिक त्रास आणि कमी समाधान नोंदवले. पाहणी लहान आहे आणि तिच्यावर सगळी इमारत उभी करू नये, पण संदेशाच्या लेखकाकडे तर तेवढेही नाही.

शिवाय हे गुपित राखायचे कुणी? बहिणीच्या घरच्या अल्बममध्ये भाचीचा पहिला फोटो सात महिन्यांची असतानाचा आहे. खालच्या हिरडीत दोन दात, आणि अंगात मापाला मोठे झालेले झबले. चार वर्षांची असताना तिने विचारले होते, “याच्या आधीचे कुठे आहेत?” बहिणीने तिला खरे तेच सांगितले, की तेव्हा तू आमच्याकडे आली नव्हतीस आणि तिथे तुझे फोटो कुणी काढले नव्हते. संदेशाप्रमाणे वागायचे, तर काय सांगायचे? अल्बम पावसात भिजला? मग त्या पावसाची गोष्ट आजीला, काकांना, चुलत भावंडांना पढवून ठेवायची, डॉक्टरांनी घरातल्या आजारांची चौकशी केली की तिथेही खोटे लिहायचे, आणि पुढे कधी तरी कुतूहलापोटी केलेली डीएनए चाचणी हे सगळे एका कागदावर उघडे पाडेल. त्या दिवशी त्या मुलीला आपला जन्म वेगळीकडे झाला एवढेच कळणार नाही. पावसाची गोष्ट सांगताना घरातले कोण कोण कुठे पाहत होते, हेही तिला एकेक करून आठवू लागेल.

तिसरा मुद्दा ऐकून तर बहीण थबकली होती. इतर दत्तक मुलांत मिसळल्याने जखम चिघळते म्हणे. मी त्या गटात दोनदा बसले आहे. तिथला एक संवाद जसाच्या तसा देते. भाची आणि तिच्याहून लहान असा एक मुलगा कागदाच्या लगद्याचा मुखवटा करत होते. तिने विचारले, “तुला कितव्या महिन्यात आणलं?” तो म्हणाला, “चौथ्या.” “मला सातव्या. म्हणजे तू माझ्यापेक्षा लवकर घरी आलास.” “हो, पण तू मोठी आहेस.” मग दोघांनी क्षणभर विचार केला आणि डिंक आधी कुणाला मिळावा यावरून भांडण सुरू केले. चिघळण्याची खूण मला तरी दिसली नाही. शाळेत ती वर्गात एकटीच दत्तक आहे, त्यामुळे तिथे ही बाब निघाली की ती उत्तर देणारी असते आणि बाकीचे विचारणारे. इथे ती कुणाला नवल वाटत नाही. ‘तुझी खरी आई कुठे असते?’ या प्रश्नाला काय म्हणायचे, हेही मुले इथे एकमेकांकडून शिकतात. तिथल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचे उत्तर मला फार आवडले: “घरी असते. खरीच आहे, रोज सकाळी ओरडते.”

मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्ती काय करतात तेही पाहावे. कोरियातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्यांनी १९८६ साली स्वतःची संघटना स्थापन केली. १९९९ साली वेगवेगळ्या देशांत वाढलेल्या कोरियन दत्तक व्यक्ती वॉशिंग्टनला जमल्या, त्या जवळपास चारशे होत्या. त्यांना तिथे कुणा पालकाने धाडले नव्हते. कामधंदा करणारी, स्वतःच्या मुलाबाळांत असलेली ही माणसे आपल्यासारख्यांना भेटायला आपणहून गेली होती.

गट वाईटही असू शकतो, हे मी मान्य करते. पाहुण्यांसमोर व्यासपीठावर उभे करून मुलांना आपली ‘कहाणी’ सांगायला लावणारे कार्यक्रम मला किळसवाणे वाटतात, आणि ज्या मुलाला जायचे नसेल त्याला ओढून नेऊ नये. पण संदेशात हा भेद नाही. त्यात सरळ बंदी आहे.

कलेविषयीच्या मुद्द्यात दोन वेगळ्या चुका एकत्र बांधल्या आहेत. पहिली म्हणजे कलेला औषधाच्या बाटलीसारखे वापरणे. दत्तक मुलाच्या हातात रंग दिले की मोठी माणसे त्याच्या चित्रात दुःख शोधायला बसतात. भाचीने एकदा दार नसलेले घर काढले होते, तेव्हा याच आत्याने मला बाजूला घेऊन चिंता व्यक्त केली. मी भाचीला विचारले, तर ती म्हणाली, “दार मागच्या बाजूला आहे.” मुलाला आपल्या हातून झालेल्या वस्तूचा अभिमान वाटतो तो ती वस्तू नीट पाहिली गेली म्हणून. गटातल्या ताईंनी तिच्या बाहुलीचा हात हलत नाही असे दाखवून दिले, तिने तो तीन वेळा उसवून पुन्हा शिवला, आणि अखेर हलला तेव्हा तिने तो आम्हा सगळ्यांसमोर किमान चाळीस वेळा हलवून दाखवला. दुःख विसरण्याचा त्यात काही संबंध नव्हता. आपल्या पूर्वायुष्याविषयी मुलाला चित्रांतून, गोष्टींतून बोलता येते, हे मात्र खरे आहे. ब्रिटनमध्ये दत्तक मुलांसाठी जीवनकथेचे पुस्तक तयार करतात ते त्यासाठीच. पण तिथे उद्देश आठवण्याचा असतो, संदेश सांगतो त्याच्या बरोबर उलट.

दुसरी चूक म्हणजे नाकारले गेल्यामुळे प्रतिभा फुलते ही समजूत. संदेशात पुरावा म्हणून ‘अ‍ॅपल’ कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांचे नाव आहे. जॉब्ज दत्तक होते, आणि त्यागले गेल्याच्या भावनेतून आपण जिद्दीने काम केले या तर्काला त्यांनी स्वतःच आपल्या चरित्रकाराशी बोलताना मूर्खपणा ठरवले होते. दत्तक असल्याचे माहीत असल्याने कदाचित आपण अधिक स्वतंत्र झालो असू, पण आपल्याला टाकून दिले असे कधी वाटले नाही आणि आईवडिलांनी आपण खास आहोत असेच वाटू दिले, असे त्यांचे म्हणणे होते. स्कॉटलंडच्या कवयित्री जॅकी के याही दत्तक आहेत. त्यांच्या १९९१ सालच्या पहिल्या संग्रहात मुलगी, दत्तक आई आणि जन्मदात्री असे तीन आवाज आळीपाळीने बोलतात. तिन्ही आवाजांना बोलू द्यायचे, तर आधी त्या विषयाचे नाव घेता यायला हवे. अठरा वर्षे गप्प बसण्याचा सल्ला देणाऱ्याने ही उदाहरणे देऊ नयेत.

पाचव्या, उपकारांच्या मुद्द्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. जे दुसऱ्या मुद्द्यात अठरा वर्षे लपवायचे, त्याचीच पाचव्या मुद्द्यात वेळोवेळी जाणीव करून द्यायची, हे कसे जमवायचे ते लेखकालाच ठाऊक. मूल हवे होते ते बहिणीला. मुलीने अर्ज केला नव्हता.

राहिला शोधाचा प्रश्न. आपली ओळख जपण्याचा आणि शक्य तिथवर आपले आईवडील कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सातव्या आणि आठव्या कलमात आहे. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३च्या हेग कराराचे तिसावे कलम तर मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवायला आणि योग्य मार्गदर्शनाखाली, कायद्यात बसेल तिथवर, ती त्याला पाहू द्यायला सांगते. जगभरातल्या सरकारांनी मान्य केलेली गोष्ट कृतघ्नपणा कशी ठरते, हे आत्याला विचारले, तर तिने हात जोडल्याचे चित्र पाठवले.

बहिणीच्या कपाटात एक निळी फाइल आहे. तीत फारसे काही नाही. तारखा, सह्या, आणि जन्मावेळचे वजन लिहिलेला एक कागद. मागच्या महिन्यात भाचीने ती मागून घेतली आणि वजनाच्या आकड्यावर बोट ठेवले: दोन किलो शंभर ग्रॅम. मग ती स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन जमिनीवर बसली आणि त्यावर आपल्या वह्या एकेक करून रचू लागली. शेवटी एक वही जास्त झाली, ती काढून तिने कंपासपेटी ठेवली, तेव्हा काटा जुळला. तिने ती सगळी चळत दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि आईला विचारले, “एवढीच?”

“एवढीच,” बहीण म्हणाली.