नवरा, वेंबली आणि पेनल्ट्या

माझा नवरा मिरजेचा. मिरजेच्या माणसाने क्रिकेट बघावं, गाणं ऐकावं, अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणूक बघून दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारावी, इथपर्यंत मी समजू शकते. पण लग्नानंतर आमचं पहिलं बिऱ्हाड पडलं इंग्लंडात पोर्ट्समथला, तिथल्या फुटबॉल क्लबच्या फ्रॅटन पार्क ग्राउंडपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि ऑफिसातल्या कुणीतरी याला एकदा मॅचला नेलं, झालं, तेव्हापासून घरात टॉवेल क्लबच्या रंगाचा निळा, चहाचा मगसुद्धा निळा, आणि बोलताना सगळं 'आपण'. आपण हरलो, आपल्याला रेफ्रीने फसवलं, आपण आता वर जाणार. अरे आपण कोण? तुझं आधार कार्ड मिरजेचं आहे!

बरं, क्लब तरी धड निवडावा. या पोर्ट्समथने, म्हणजे लाडाने पॉम्पीने, 2008 ला एफए कप जिंकला आणि मग पैशाचा असा काही घोळ झाला की 2013 पर्यंत इंग्लिश लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून थेट चौथ्या पायरीवर. शेवटी लोकांनी वर्गणी काढून क्लब वाचवला. हे सांगताना नवऱ्याचा आवाज अजून भरून येतो. त्या वर्गणीत याचा एक पेनीसुद्धा नाही, आम्ही तेव्हा मिरजेत होतो.

तर 2019. आम्ही लंडनात हॅरोला राहायला आलेलो आणि पॉम्पी पोहोचली फायनलला, लंडनच्याच वेंबली स्टेडियमवर. कुठली फायनल, तर ईएफएल ट्रॉफी. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवरच्या क्लबांसाठीचा कप. 1984 पासून आहे बिचारा, पण त्याला स्वतःचं नाव असं कधी टिकलंच नाही. मिरजेच्या गणपतीतल्या स्वागत कमानीवर दरवर्षी वेगळ्या ज्वेलर्सचं नाव चढतं तसं याचं. कधी व्हॅनवाले, कधी गाडीच्या काचावाले, दहा वर्षं जॉन्स्टन्स पेंट म्हणजे चक्क रंगाचा डबा, आणि आमच्या वर्षी चेकाट्रेड, प्लंबर-सुतार शोधायची वेबसाइट. प्लंबरचा कप! त्यात 2016 पासून प्रीमियर लीगवाल्यांच्या एकवीस वर्षांखालच्या टीम घुसवल्या म्हणून लोकांनी बहिष्कार टाकला, सुरुवातीच्या कितीतरी मॅचना हजार माणूससुद्धा येत नव्हतं. नवरासुद्धा तत्त्वाने बहिष्कारात होता. सेमीफायनल जिंकल्यावर तत्त्व कुठे गेलं विचारू नका, तिकिटं दोन आली.

तारीख 31 मार्च. त्याच पहाटे इकडच्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे गेलेली, म्हणजे रविवारची एक तास झोप सरकारजमा. शिवाय इकडचा मदर्स डे. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची, तिला शेजारच्या गुजराती मावशींकडे सोडून मी मदर्स डे साजरा करायला प्लंबरच्या कपाला निघाले. पर्समध्ये शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा, कारण बाहेर पडताना डबा नसेल तर मला सुचत नाही. गेटवर सिक्युरिटीवाल्याने तो उघडला, टॉर्च मारला, एक शंकरपाळी बोटाने उलटीपालटी करून बघितली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हे कुत्र्याचं खाणं आहे का?" मागे रांग होती म्हणून मी गप्प बसले.

आत मात्र मी चाट पडले. ज्या कपाला काळं कुत्रं विचारत नव्हतं त्याला 85,021 माणसं! या स्पर्धेचा रेकॉर्ड. अर्धं स्टेडियम निळं, अर्धं लाल-पांढरं, कारण समोर होतं संडरलंड. तेही आपल्यासारखंच (बघा, मीपण 'आपल्या' म्हणायला लागले) वरून गडगडत आलेलं, दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली. आणि वेंबली त्यांना लाभतच नाही म्हणे, 1973 चा एफए कप जिंकल्यापासून इथे नुसती हार.

आता मॅच. तर मी मॅच बघितलीच नाही. माझी उंची पाच फूट, आणि आमच्या पुढच्या रांगेतली मंडळी खुर्ची ही वस्तू कोट ठेवण्यासाठी असते अशा समजुतीची. मी 120 मिनिटं एका निळ्या जॅकेटची पाठ बघितली. जॅकेटच्या कॉलरला लॉन्ड्रीची गुलाबी चिठ्ठी पिनसकट तशीच होती, ती काढू का नको या विचारात माझा पहिला हाफ गेला. आवाजावरून समजायचं. आपल्याकडे शांतता आणि पलीकडून गर्जना, म्हणजे संडरलंडचा गोल, मॅकगीडीची फ्रीकिक. मग बराच वेळ घड्याळाच्या टोल्यांच्या चालीवर 'प्ले अप पॉम्पी', टोले पडतात, गोल पडत नाही. मला वाटलं चला, हरतायत, वेळेत घरी जाऊ, कुकर लावू. तर 82 व्या मिनिटाला थॉम्पसनने बरोबरी केली आणि जॅकेट माझ्या अंगावर पडलं.

एक्स्ट्रा टाइम. 114 व्या मिनिटाला लोवने गोल केला, नवरा रडायला लागला. 119 व्याला मॅकगीडीनेच परत बरोबरी केली, नवरा रडतच होता, फक्त कारण बदललं. "अगं, 2-2 म्हणजे अजून हरलो नाही," असं मला समजावत होता. मी काही विचारलंच नव्हतं.

पेनल्ट्या सुरू झाल्या तसा हा खाली बसला, डोळे मिटून. म्हणजे याने पैसे भरून, मला ओढून आणून, ऐन वेळी डोळे मिटले, आणि मी खुर्चीवर उभी राहून कॉमेंट्री करायची! "गेला का?" "गेला." "आपला का त्यांचा?" "थांब रे, बघू दे!" संडरलंडच्या कॅटरमोलची पेनल्टी आपल्या मॅकगिलिव्हरेने अडवली तेव्हा किंचाळी आली ती माझ्या तोंडून आली असं नवरा सगळ्यांना सांगतो. मला आठवत नाही. शेवटची हॉकिन्सने मारली, 5-4, आणि ते जॅकेट, नवरा आणि मी असे तिघं मिठीत. जॅकेटचं नाव आजतागायत माहीत नाही. मिरजेहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, "काय रे, इंडिया जिंकली का?" "हो आई," म्हणाला बिनधास्त.

वेंबली पार्क स्टेशनच्या रांगेत आमच्या शेजारी लाल-पांढऱ्या मफलरमधले एक आजोबा आणि नातू. नातू रडत होता, आजोबांना सवय असावी. मी डबा पुढे केला. आजोबांनी चार शंकरपाळ्या खाल्ल्या, म्हणाले, छान आहेत, इथे काहीतरी गोड मिळालं. मे महिन्यात वरची पायरी गाठण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये संडरलंडनेच पॉम्पीला बाहेर काढलं आणि मग स्वतः वेंबलीवर शेवटच्या क्षणी चार्ल्टनकडून हरले, तेव्हा घरात आनंद करायचा का नाही यावर आमचं भांडण झालं.

पण खरा छळ त्यानंतरचा. पुढच्या वर्षीही पॉम्पी फायनलला पोहोचली, पण ती कोविडमुळे लांबली, त्यामुळे कप पॉम्पीकडेच पडून. तेव्हा नवऱ्याला शोध लागला की 1939 ला पॉम्पीने एफए कप जिंकला, लगेच महायुद्ध, कप 1946 पर्यंत यांच्याकडेच. 2008 ला जिंकला, सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली. 2019, तर हे. "आपण जिंकलो की जगावर काहीतरी येतं," हे तो अभिमानाने सांगायचा, ऑफिसच्या झूम मीटिंगमध्येसुद्धा. शेवटी ती लांबलेली फायनल 13 मार्च 2021 ला रिकाम्या वेंबलीवर झाली, सॅलफर्डने पॉम्पीला पेनल्ट्यांवर हरवलं, आणि मी मनातल्या मनात साखर वाटली. दुसऱ्याच दिवशी त्याच ग्राउंडवर संडरलंडने त्या वर्षीचा कप जिंकला. 1973 नंतर पहिल्यांदा वेंबली लाभली, आणि स्टँडमध्ये एक प्रेक्षक नाही. आजोबांनी टीव्हीवर बघितलं असेल.

2024 च्या एप्रिलमध्ये पॉम्पी लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, पहिली आली. नवरा म्हणाला घाबरू नकोस, ही लीग आहे, कप नाही. मी तरी वीस किलो तांदूळ आणि दहा किलो तूरडाळ आणून ठेवली.