मकराना आणि अर्धं लिंबू

चूक माझीच आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे घरी हे वाचलं तरी रात्रीची भाकरी मिळेल. किचनचं काम काढलं तेव्हा बायको म्हणत होती काळा ग्रॅनाईट टाका, आई म्हणत होती आधीच्या कडप्प्याला काय धाड भरलीय, आणि मी दुकानात पांढऱ्या मार्बलमधल्या त्या करड्या रेघा बघून पार खुळावलो. दुकानदार म्हणाला, "मकराना आहे साहेब, ताजमहालाचा दगड." झालं! ताजमहालात कुणी फोडणी घालत नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही बघा.

पहिले दहा दिवस ओट्यावर मी कुणाला टेकू पण दिलं नाही. अकराव्या रात्री आईनं पोह्यांवर लिंबू पिळलं आणि उरलेलं अर्धं ओट्यावर पालथं घालून ती निवांत झोपली. सकाळी उचललं तर खाली बरोब्बर लिंबाएवढा गोल. पुसला, घासला, मोबाईलचा टॉर्च तिरपा मारून बघितला, तर तेवढ्याच जागेची चकाकी गायब, बोट फिरवलं तर खरखरीत.

मिस्त्रीला बोलावलं. तो उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, "डाग असता तर काढला असता ओ, हितं दगडच खाल्लाय लिंबानं." मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पडलं की विरघळणारच. अरे पण सीलर मारलावता की! तर म्हणे सीलर तेल-हळद मुरायला उशीर लावतो, आंबटाला नाही अडवत. आता पुन्हा पॉलिश, त्याचे पैसे वेगळे.

म्हणजे चिंच, दही, ताक, टोमॅटो सगळे दुश्मन. मग सोलापुरातल्या स्वैपाकघरात उरलं काय, तर शेंगा चटणी! ती आंबट नसते म्हणून मी निर्धास्त होतो, पण आमच्याकडं ती तेल सुटेपर्यंत कुटतात आणि ते तेल रात्रभरात मस्त मुरलं. मग खायचा सोडा पाण्यात कालवून त्यावर थापला, वर प्लॅस्टिक चिकटवलं, २४ तास ठेवलं. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्याला कधी एवढं पोटीस बांधलं नाहीस." हळदीचा डाग म्हणे उन्हानं उडतो, आणि ऊन काय, मे महिन्यात आमच्याकडं ४२ डिग्री फुकट मिळतं, पण ओटा गच्चीवर नेणार कोण?

त्यात बोअरचं पाणी. नळाखाली क्षाराचा पांढरा थर बसला म्हणून कामवाल्या मावशी बाथरूमची ॲसिडची बाटली घेऊन निघाल्या होत्या, मी अक्षरशः आडवा पडलो. कारण तो थर पण कॅल्शियमचाच, डाग आणि दगड एकाच गोत्रातले, एकाला मारायला जावं तर दुसरा आधी मरतो.

हल्ली आई लिंबू-चिंच सगळं मागच्या दारात शहाबादी फरशीवर बसून करते. परवा मी तिला ज्ञान दिलं, "आई, शहाबादी म्हणजे पण चुनखडकच असतो, तिला पण आंबट चालत नाही."

आईनं सुरी न थांबवता विचारलं, "तिला माहितीय का?"

"कुणाला?"

"फरशीला. पन्नास वर्षं झाली, काही बोलली नाही. आता तू सांगू नको."