जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी तोडू नका

‘लेकरांच्या जुलाबावर रामबाण’ हा मेसेज तासगावच्या मावशींनी तिसऱ्यांदा पाठवलाय. म्हणे पाणी तोडा, अंगावरचं दूध तोडा, ओआरएसने (मीठ-साखरेच्या जलसंजीवनीने) जुलाब थांबत नाहीत, तरी फारच झालं तर त्याचं अख्खं पाकीट ग्लासभर पाण्यात ‘कडक’ करून पाजा, नाहीच थांबलं तर मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी द्या, वर डाळिंबाची साल उगाळून चाटवा. मावशींच्या घरात दीड वर्षाचा नातू आहे, नाहीतर सोडून दिलं असतं.

पाणी का तोडायचं, तर ‘प्यायलं की लगेच होतं’. होतं, मान्य. पोटात काही पडलं की आतडं हलतंच. पण न पाजल्याने जुलाब थांबत नाहीत, लेकरू तेवढं सुकतं.

आता ते ‘कडक’ प्रकरण. ओआरएस म्हणजे चहा आहे का? साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. ग्लुकोज मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन आतड्यातून आत शिरतं, मागोमाग पाणी. म्हणून ते रक्तापेक्षा जरा पातळच ठेवलंय. तेच २०० मिलीत कालवलं की पाचपट दाट होतं आणि पाणी उलटं रक्तातून आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं, झटके येऊ शकतात. ४.२ ग्रॅमचं छोटं पाकीट मात्र २०० मिलीचंच असतं, घोळ बहुधा तिथे झालाय. पाकिटावर छापलेलं वाचा.

पाणी उकळून गार करा, लिटरची बाटली घ्या, पाकीट एकदम रिकामं करा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्याला दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, मोठ्या लेकराला १०० ते २००, वाटी-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. पाकीट नसेल तर लिटरला साखर सहा चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा आणि सपाट, शीग नको. चाखून बघा, आसवांपेक्षा खारट लागलं तर फेका.

‘ओआरएसने जुलाब थांबत नाहीत’ हे मेसेजवाल्याचं खरं, पण ते त्याचं कामच नाही, त्याचं काम लेकरू सुकू न देण्याचं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ड्रममधून पाजलं. सुमारे ३० टक्के माणसं मरत होती, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब आवरायला झिंक, म्हणजे जस्ताचं औषध आहे. सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. आशाताईंकडे दोन्ही मिळतं.

अंगावरचं दूध उलट जास्त वेळा पाजा. वरचं खाणाऱ्याला मऊ भात, पेज चालते. आटपाडीच्या डाळिंबाचे दाणे मोठ्यांनी खावेत, साल राहू द्या. आणि ती गोळी आतड्याची हालचालच रोखते, पोट फुगतं, आतली घाण आतच राहते. लहान मुलाला अर्धी काय, पावही नको.

शीमध्ये रक्त दिसलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, लेकरू मलूल पडलं किंवा पितच नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. शुद्धीत असून पीत असेल तर वाटेत चमचा चालू ठेवा.