‘इफ एक्झिस्ट्स’ लावल्याने टेबल वाचत नाही

‘टेबल तयार करणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या वर ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स टाका, मग ती कितीही वेळा बिनधास्त चालवा.’ डेटाबेसची भाषा एसक्यूएल शिकणाऱ्यांना हा सल्ला सर्रास दिला जातो. ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स म्हणजे ‘हे टेबल असेल तर डेटासकट काढून टाक’. आपल्या लॅपटॉपवरच्या चाचणीच्या डेटाबेसपुरता तो ठीक आहे. त्यापलीकडे तो धोक्याचा आहे.

‘अट घातली आहे, म्हणजे सुरक्षित.’ ही अट विचारते काय? टेबल आहे का, एवढंच. त्यात ओळी आहेत का, त्या कुणाला लागतात का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. टेबल नसताना एरर येऊ नये, एवढ्यासाठीच ती आहे. टेबल असेल तर साधा ड्रॉप आणि हा ड्रॉप यांत काडीचाही फरक नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये करून पाहा. टेबल नसेल तर उत्तर येतं ‘क्वेरी ओके, झिरो रोज अफेक्टेड, वन वॉर्निंग’. लाखभर ओळींचं टेबल उडालं तर नुसतंच ‘क्वेरी ओके, झिरो रोज अफेक्टेड’. काहीच गेलं नाही तेव्हा वॉर्निंग, आणि सगळं गेलं तेव्हा तीही नाही! दोन टर्मिनल शेजारी उघडी आहेत, एक टेस्टचं, एक लाइव्हचं, आणि स्क्रिप्ट चुकीच्या खिडकीत पेस्ट झाली, तर हात धरणारं तिथे कोणी नसतं.

‘ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा, रोलबॅक करता येतं.’ म्हणजे आज्ञा एका गठ्ठ्यात चालवा, चुकलं तर सगळा गठ्ठा मागे घेता येतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये येतो. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ड्रॉप टेबल आपणहून कमिट करतं, आणि त्याआधीचे अर्धवट बदलही पक्के करून टाकतं.

‘मायएसक्यूएलडंपसुद्धा ही ओळ घालतं.’ मायएसक्यूएलचं हे बॅकअप काढणारं साधन ती घालतं, कारण नेहमीच्या डंपमध्ये खाली त्या टेबलाचा डेटाही असतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये खाली असतं रिकामं टेबल.

‘टेबल लगेच पुन्हा तयार होतंच की.’ पोस्टग्रेसमध्ये त्यावर दिलेल्या परवानग्या आणि लावलेले ट्रिगर (डेटा बदलताच आपोआप चालणारा कोड) गेलेले असतात. त्या टेबलावर बेतलेला व्ह्यू (साठवलेली क्वेरी) आडवा आला म्हणून कुणी कॅस्केड, म्हणजे ‘अवलंबून असलेलंही काढ’, जोडलं, तर तो व्ह्यूही जातो.

माझं म्हणणं साधं आहे. स्क्रिप्टमध्ये नुसतं क्रिएट टेबल ठेवा. टेबल आधीच असेल तर एरर येऊन काम थांबू द्या. ती एररच राखण करते. ड्रॉपची फाइल वेगळी, फक्त टेस्टसाठी. क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्सवरही विसंबू नका, कारण जुनं टेबल असेल तर नवा कॉलम त्यात येतच नाही. त्यासाठी असलेलं टेबल बदलणारी अल्टर टेबल ही आज्ञा लिहा.