बंदी फक्त वाईट पुस्तकांवर येते?

व्हॉट्सॲपवर सध्या हा मजकूर फिरतोय: ‘बंदी फक्त घाणेरड्या पुस्तकांवर येते. तिच्यामुळे मुलं बिघडत नाहीत, दंगे टळतात आणि चांगल्या वाचकाचं काहीच जात नाही.’ यातलं एकही विधान खरं नाही.

घाणेरडं कुणी ठरवायचं? १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरं दिली होती, एवढाच गुन्हा. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी कर्वे हरले. आज तीच माहिती डॉक्टर देतात. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर तर इंग्रजांनी १९०९ साली तो बाहेर पडण्याआधीच बंदी घातली.

मुलं बिघडतात, हा मुद्दाही जुनाच. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि हायकोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. किशोरवयीन मुलांचंच माप लावलं, तर लेखकांना मोठ्यांसाठी लिहिताच येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

दंगे टळतात म्हणणाऱ्यांनी पुणं आठवावं. अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातून मागे घेतलं होतं. तरीही ५ जानेवारी २००४ ला जमावाने पुण्यातली भांडारकर संशोधन संस्था फोडली. लेन यांनी आभार मानलेल्यांत तिथल्या अभ्यासकांची नावं होती, म्हणून. दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखितं यांची नासधूस झाली. सरकारची बंदी त्यानंतर आली! जिजाऊंविषयीचा त्यातला मजकूर मलाही संतापजनक वाटतो. त्याला पुराव्याचा आधार नव्हता. पण तो खोडायचा तर कागदपत्रंच लागतात, आणि नेमकी ती जपणाऱ्या संस्थेवर लोक चालून गेले. मागणी मान्य झाल्यावरही जमाव थांबला नाही, मग बंदीने शांतता येते हे कशाच्या जोरावर सांगता?

राहिला ‘चांगला वाचक’. लेन यांच्या पुस्तकावरची बंदी २००७ मध्ये हायकोर्टाने उठवली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदी होती तोवर, त्या पुस्तकाला ओळीओळीने उत्तर देऊ पाहणाऱ्या अभ्यासकालाही ते महाराष्ट्रातल्या दुकानात मागता येत नव्हतं.