डिंगबोचेला किती रात्री?

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या सात-आठ जणांचे फोन आले. "मॅडम, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं आहे, तुम्ही जाऊन आल्या ना?" प्रत्येकाला सांगते, की मी बेस कॅम्पपर्यंत पोचले नाही, त्याच्या अलीकडच्या लोबुचेहून परत फिरले. समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, "बरं, सगळ्यात कमी दिवसांत कोण नेऊन आणतं?"

या एका प्रश्नासाठी ही पोस्ट लिहिते आहे. लांबली आहे, पण ज्यांच्या मनात हिमालय आहे त्यांनी पूर्ण वाचावी, ही विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून ४०० मीटरही उंच नाही. आमच्यासाठी उंच म्हणजे चिखलदरा, १,११८ मीटर. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळजवळ पाचपट. हे आकडे मला जायच्या आधीही पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र तिथे गेल्यावर कळला.

सोबत माझा भाचा होता, भावाचा मुलगा, चोवीस वर्षांचा. तीन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे चारला उठून शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेघेवरून धावतो, १६०० मीटर पाच मिनिटांच्या आत. आम्ही दोघांनी सहा महिने दर रविवारी चिखलदऱ्याचा घाट पायी चढून सराव केला. मी धापा टाकत वर पोचायची, तोवर याचा चहा पिऊन झालेला असायचा. घरात सगळ्यांना काळजी माझी होती. त्याची कोणालाच नव्हती, मलाही नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या हातात होत्या. शेतात कापसाची वेचणी सुरू होती, भावाला मागे एकट्याला सोडून निघायचं म्हणजे दिवस मोजूनच. नागपूरहून गोरखपूर, तिथून सोनौली, मग काठमांडू, जातायेता प्रवासातच सहा दिवस जाणार. ज्यांच्यामार्फत आम्ही गेलो त्यांनी १२ दिवसांचा ट्रेक १० दिवसांत बसवून दिला. डिंगबोचे हे वाटेतलं मुक्कामाचं गाव. "डिंगबोचेला एक जादा दिवस असतो, तो आपण काढू. नुसतं बसून राहायचं असतं तिथे." मला ते पटलं. हिशेब करणारी मी, सुट्ट्या वाचवणारी मी, त्यामुळे चूक माझीही आहे. पण ज्याचा हा धंदा आहे त्याने तो दिवस काढायला नको होता, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते.

सुरुवातीचे दिवस खरंच सुखाचे होते. लुक्लाचं विमानतळ २,८६० मीटरवर. तिथून दूधकोसी नदीच्या कडेकडेने चालायचं, झुलत्या पुलांवरून, पाठीवर सामान लादलेल्या जोप्क्यांना, म्हणजे याक आणि गायीच्या संकरातल्या जनावरांना, वाट देत. नामचे बाजार ३,४४० मीटरवर. तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. मधल्या दिवशी वरच्या धारेवर चढून गेलो आणि एव्हरेस्ट पहिल्यांदा दिसलं, ल्होत्सेच्या मागून डोकं काढलेलं. मी वर्षानुवर्षं पाचवीच्या पोरांना नकाशात बोट ठेवून दाखवलेला डोंगर. रडू आलं, आवरलं नाही. पुढे तेंगबोचेहून आमा डबलामचं शिखर दिसतं. आमा म्हणजे आई, आणि डबलाम म्हणजे शेर्पा बायकांच्या गळ्यातली ताइतासारखी पेटी. तो लटकलेला हिमखंड पाहिला आणि मला माझ्या आईची पोत आठवली.

भाचा सगळ्यांच्या पुढे. माझीही सॅक अर्धा वेळ त्याच्याच खांद्यावर. आमचा वाटाड्या मागून हाक मारायचा, "बिस्तारै, भाई, बिस्तारै." म्हणजे हळू. पोरगं हसून आणखी जोरात चालायचं.

डिंगबोचे ४,४१० मीटर. त्या संध्याकाळी ताटात दाल-भात आला. मी घरून जवसाची चटणी नेली होती, तेल घालून त्याच्या ताटात वाढली. घरी याच चटणीसोबत पाच भाकरी सहज खाणाऱ्या पोराने दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. "भूकच नाही लागून रायली, आत्या." डोकं दुखतं का, विचारलं, तर म्हणाला, "जरासं. मले काई नाई झालं. तू कायले भेते?"

मी ऐकलं आणि झोपायला गेले. नंतर कळलं, की डोकेदुखी आणि अन्नावरची वासना उडणं ही उंचीच्या आजाराची सगळ्यात पहिली खूण. त्या गावी दुसरा दिवस असता, तर दुखणं उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो असतो. तो दिवस आमच्या कागदावर नव्हता. सकाळी गोळी घेतली, डोकं थांबलं असं त्याने सांगितलं, आणि आम्ही लोबुचेला निघालो. लोबुचे ४,९४० मीटर.

इथे थोडं थांबून शरीरात काय होतं ते सांगते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. लोक म्हणतात, वर ऑक्सिजन कमी असतो. हवेतलं त्याचं प्रमाण वरही तितकंच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. आपल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. रात्रीची लाईन आली, तिन्ही फेज आहेत, पण व्होल्टेज नाही. मोटर नुसती घूं घूं करते, पाणी वर चढत नाही, आणि रेटून चालवली तर कॉइल जळते. फुप्फुसांचं तसंच होतं. शरीर यावर उपाय करतं, श्वास वाढवतं, रक्तातला क्षार मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतं, म्हणून वर लघवीला जास्त होते आणि ते चांगलं लक्षण आहे. पण या सगळ्याला दिवस लागतात. माणूस धावपटू असो की पहिलवान, त्याचं मूत्रपिंड घाईने काम करत नाही. उलट तगडा माणूस जोरात चढतो, त्रास लपवतो आणि शरीराला वेळ मिळण्याआधी वर पोचतो.

आपण उन्हाच्या बाबतीत हे जाणतोच. नवतपात पुण्याचा पाहुणा आला तर पहिल्याच दिवशी त्याला बारा वाजता वावरात नेतो का? तो कमजोर आहे असंही कोणी म्हणत नाही. म्हणतो, आठ-दहा दिवस राहू द्या, सवय होईल. उंचीच्या बाबतीत नेमका तो पाहुणा आपण असतो.

लोबुचेच्या त्या रात्री साडेदहाच्या सुमारास मला शेजारच्या खोलीत काही पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर भाचा बूट घालायचा प्रयत्न करत होता आणि डाव्या पायाचा बूट उजव्या पायात कोंबत होता. कुठे चाललास विचारलं, तर म्हणाला, "मैदानावर." मी वाटाड्याला उठवलं. त्याने डोक्याचा दिवा लावला, लाकडी फळ्यांमधल्या सांध्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, या रेघेवर टाचेला अंगठा लावून चाल. रेघेवर वाढलेलं ते पोरगं तिसऱ्या पावलाला भिंतीवर आपटलं.

वाटाड्याने वेळ घालवला नाही. "अभी नीचे." मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबू. तो म्हणाला, "दीदी, सुबह तक नहीं." त्या माणसाचं ऋण मी फेडू शकत नाही.

एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने हमाल, मध्ये भाचा आणि मागे मी. थुक्ला खिंडीत एव्हरेस्टच्या वाटेवर गेलेल्यांच्या आठवणीचे दगडी चबुतरे आहेत. दिवसा येताना मी त्यांच्यापुढे हात जोडले होते. रात्री दिव्याच्या उजेडात ते एकेक करून बाजूने सरकत होते आणि मी वर पाहिलं नाही. पहाटे फेरिचेला पोचलो. तिथे हंगामात डॉक्टर असतात. १९७३ पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशन हे काम करते. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मेंदूला सूज येऊ लागली होती. दुपारी त्याने मला ओळखून हाक मारली आणि पाणी मागितलं. औषधाइतकंच खाली उतरण्याने त्याला वाचवलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनीच एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. तुम्ही कुठून आलात? मध्य भारत, विदर्भ म्हटल्यावर म्हणाले, घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, आहे का, तपासणी झाली आहे का?

मी शिक्षिका आहे. शाळेत आरोग्य पथक येतं तेव्हा पोरांना रांगेत उभं करणारी मीच. पिवळं कार्ड म्हणजे वाहक, लाल कार्ड म्हणजे ग्रस्त, हे पालकांना समजावणारीही मीच. आणि आम्ही दोघांनी स्वतःचं रक्त कधी तपासलं नव्हतं. ट्रेकच्या फॉर्मवर बीपी, शुगर, दमा सगळं होतं, सिकलसेलचा रकाना नव्हता. फॉर्म करणाऱ्याच्या भागात हा आजार नसेल, पण आपल्याकडे तो घरोघरी आहे. परत आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघांची तपासणी केली, पुढची जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली. भाचा पूर्ण निरोगी. वाहक निघाले मी.

वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे पुन्हा एकदा लिहिते, कारण आपल्याकडे यावरून लग्नं मोडतात. बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत असतात आणि डोंगरही चढतात. पण मोठ्या उंचीवर काही वाहकांच्या प्लीहेचा, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या अवयवाचा, रक्तपुरवठा अडू शकतो. तिथे जोराची कळ आली तर ती गॅसची समजून गोळी घेऊन चालत राहायचं नाही, लगेच खाली उतरायचं. हे मला माहीतच नसतं, तर मी नक्की ओवा खाल्ला असता. सिकलसेलग्रस्तांसाठी तर ही उंची धोक्याचीच, त्यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय विचारही करू नये. तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. हिमालयाचे बूट घेण्याआधी ती करा.

आता त्या कमी दिवसांबद्दल. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. तेंगबोचे ते डिंगबोचे साडेपाचशे मीटर, डिंगबोचे ते लोबुचे पुन्हा पाचशेच्या वर. म्हणून मध्ये तो दिवस ठेवलेला असतो. त्या दिवशी नुसतं बसायचंही नसतं, वर चढून यायचं आणि खाली झोपायचं. तो दिवस काढून स्वस्त केलेला ट्रेक विकणं मला चूक वाटतं, आणि तसा तो मागणंही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेऊन दिवस वाचवू म्हणणारेही भेटतात. ती गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्की सांगा, पण तिच्या भरवशावर मुक्काम कापू नका. विमा काढा, हेलिकॉप्टरचा खर्च लाखांत जातो.

कोणी म्हणेल, आपल्या भागातल्या लोकांनी हे धाडस करूच नये. नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली, मिशन शौर्य या मोहिमेतून. विदर्भाच्या उन्हात वाढलेलीच ती मुलं. त्यांना दार्जिलिंग, लडाख असं टप्प्याटप्प्याने तयार केलं होतं, महिनोन्महिने. मी वर्गात त्यांची गोष्ट सांगते तेव्हा शिखराआधी हे महिने सांगते.

भाच्याची या वेळची मैदानी चाचणी चांगली झाली. गावात काही जण त्याला "काय बे, अर्ध्यातून पळून आला?" म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो उत्तर देत नाही. मी देते, आणि इथेही देते. माझ्या भाच्याला रात्री खाली उतरवणं हा त्या ट्रेकमधला सगळ्यात बरोबर निर्णय होता.

पुढच्या दिवाळीत आम्ही दोघं परत जाणार आहोत. वहिनी अजून बोलत नाही, पण नाही म्हणालेली नाही. जवस या वेळी जास्तीचा ठेवायला सांगितला आहे. सुट्ट्या कमी पडल्या तर बिनपगारी रजा टाकीन. परवा एका नव्या माणसाशी बोलणं झालं. त्याने पैसे, विमान, खोल्या सगळं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डिंगबोचेला किती रात्री?

"दोन," तो म्हणाला. "आणि कोणाचं डोकं दुखलं तर तीन."

मी पैसे भरले.