रमणबागेतील पहाटेचा ललत

आपण प्रसिद्ध केलेल्या लेखात पुणेकरांच्या आवडत्या मैफलींच्या आठवणी आहेत. मात्र सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या सत्रांचा उल्लेख ओझरताच आला, म्हणून हे लिहीत आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू, गायक सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरत असे, तेव्हा डिसेंबरच्या थंडीत शाली आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही भारतीय बैठकीत जागा धरत असू. मध्यरात्रीनंतर काही श्रोते तिथेच आडवे होत (मीही झालो आहे, हे कबूल करतो), पण पहाटे पंडितजी मंचावर आले की सारे पटांगण सावरून बसे, आणि ललत या पहाटेच्या रागातील शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म हा स्वर) एकापाठोपाठ लागले की रात्रभराचा शीण उतरत असे. अखेरीस सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाई. ती संपेपर्यंत कोणी उठत नसे. पुढे ध्वनिवर्धकांवर रात्री दहाची मर्यादा आली. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करता ती योग्यच आहे, तथापि मध्यरात्रीचा मालकंस किंवा पहाटेचा ललत हे राग त्यांच्या प्रहरी, खुल्या मांडवात ऐकणे त्यामुळे दुर्मीळ झाले.